आठ फुटी गॅलरीतील नाताळ: दोन हजार रुपयांच्या आत सजावट कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नायगावात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचे वन बीएचके घर आहे. त्याला आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद गॅलरी आहे, तिच्या छताला कपडे वाळत घालण्याच्या दांड्या आहेत आणि एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन आहे. भिंतीला भोके पाडायला घरमालकाची परवानगी नाही. या जागेत नाताळचा कागदी तारा, गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा, झाड आणि रोषणाई हे सगळे दोन हजार रुपयांच्या आत बसवायचे आहे. हे सगळे नक्की बसते. मात्र त्यासाठी बाजारात जाण्यापूर्वी थोडा विचार आणि थोडी मोजमापे करावी लागतात, कारण लहान गॅलरीतले पैसे बहुतेक वेळा वस्तू महाग असल्यामुळे नव्हे, तर नको त्या वस्तू घेतल्यामुळे वाया जातात.

सर्वांत आधी हे ठरवा की तुमची गॅलरी कोण आणि कुठून पाहणार आहे. रस्त्यावरून दुसऱ्या मजल्याकडे मान वर करून पाहणाऱ्याला गॅलरीची जमीन कधीच दिसत नाही; त्याला दिसतो तो ग्रिलचा वरचा भाग आणि छताजवळ टांगलेली वस्तू. घरात बसलेल्या माणसाला मात्र खिडकीतून किंवा दारातून साधारण तीन फूट उंचीपर्यंतची जागा नजरेत येते. म्हणून तारा आणि ग्रिलवरचे दिवे हे बाहेरच्यांसाठी, तर गोठा, झाड आणि कुंड्या या घरच्यांसाठी, अशी सरळ वाटणी करावी. ती एकदा केली की ग्रिलला बाहेरून माळा, झिरमिळ्या, सांताक्लॉजचे मुखवटे असे काही लावावे लागत नाही. ग्रिलच्या बाहेर टांगलेल्या वस्तू वाऱ्याने सुटून खाली कोणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका असतो आणि सोसायटीचा आक्षेपही बहुधा त्यांनाच असतो. याच कारणाने कठड्यावर कुंडी ठेवू नये, मग ती कितीही लहान असो.

दुसरे काम घरातले माळे उघडण्याचे आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यांचा एक मोठा फायदा असा की नाताळच्या आधी गणपती आणि दिवाळी होऊन गेलेली असते. तुमच्या घरी नसले, तरी शेजारच्या घरांत आकाशकंदिलाच्या कामट्या, पतंगी कागदाचे उरलेले ताव, मखराचे कापड, शाडूच्या मातीचा उरलेला गोळा आणि दिवाळीच्या दिव्यांच्या माळा पडून असतात. शेजाऱ्यांकडे निःसंकोच मागा. उरलेले सामान देताना लोकांना आनंदच होतो, आणि वसई-नायगाव पट्ट्यात सणांची अशी देवाणघेवाण नवी नाही. दिवाळीनंतरच्या आठवड्यांत दुकानदारही दिव्यांच्या माळा कमी भावात काढतात, तेव्हा पुढच्या वर्षी ही खरेदी त्याच काळात उरकावी.

आता रोषणाईकडे येतो, कारण लहान गॅलरीत निम्म्याहून अधिक परिणाम प्रकाशाचाच असतो. तुमच्या गॅलरीची समोरची बाजू आठ फूट आणि दोन्ही कडा साडेतीन फुटांच्या, म्हणजे एकूण पंधरा फूट, अर्थात सुमारे साडेचार मीटर. दहा मीटरची एक माळ घेतली की ग्रिलच्या आतल्या बाजूने दोन ओळी होतात आणि प्लगपर्यंत यायला जवळपास मीटरभर तार उरते. माझा आग्रह असा आहे की ही माळ थेट घरगुती विजेवर चालणारी न घेता मोबाइलच्या चार्जरवर चालणारी, पाच व्होल्टची घ्यावी. ग्रिल लोखंडी असते, तार तिच्या कडांवर घासते, आणि २३० व्होल्टच्या स्वस्त माळेचे प्लास्टिक एखाद्या ठिकाणी सोलले गेले तर संपूर्ण ग्रिलमध्ये वीज उतरू शकते. त्याच ग्रिलला मुले हात लावून उभी असतात. पाच व्होल्टच्या माळेत हा धोका राहत नाही. शिवाय गॅलरीत प्लग नसला तरी बेडरूममधल्या चार्जरपासून वायर आणता येते. सरकत्या खिडकीतून वायर काढणार असाल तर ती काचेच्या चौकटीखाली चिरडली जाणार नाही अशा बेताने अगदी कोपऱ्यातून काढावी आणि ती खिडकी रात्री त्या बाजूने सरकवू नये.

अशा माळेचे दोन नग पुरेत. ते एकमेकांना जोडू नका. पाच व्होल्टच्या बारीक तारेत लांबी वाढली की टोकाकडचे दिवे मंद होतात, म्हणून दोन्ही माळा चार्जरच्या वेगवेगळ्या तोंडांना लावाव्यात. रंगाबाबत मी ठाम आहे: जागा लहान असेल तर एकच रंग, आणि तोही पिवळसर पांढरा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन असा आकडा असेल तर तो हाच रंग. निळसर पांढऱ्या प्रकाशात नाताळचा लाल रंग फिका पडतो. लुकलुकणारा मोड बंद ठेवून दिवे स्थिर ठेवा, कारण समोरच्या इमारतीतल्या शयनकक्षात रात्रभर उघडझाप करणारा प्रकाश जाणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. विजेच्या बिलाची चिंता मनातून काढून टाका. दोन्ही माळा मिळून दहा वॅट धरल्या आणि रोज पाच तास याप्रमाणे चाळीस दिवस लावल्या, तर खर्च होतात दोन युनिट.

माळ ग्रिलला बांधण्यासाठी चिकटपट्टी वापरू नये. डिसेंबरात पहाटे दंव पडते, पट्टी सुटते आणि तिचा डाग घरमालकाला दिसतो. सुतळीचे लहान तुकडे किंवा प्लास्टिकच्या बंधपट्ट्या दर फूटभर अंतरावर बांधल्या की पुरे.

आता तारा. बाजारात कागदी घडीचे तारे मिळतात आणि ते सुंदरही असतात, परंतु गॅलरीच्या मापाचा, मजबूत आणि सणभर टिकणारा तारा घरी दीडशे रुपयांत होतो, आणि मुलांना त्यात खरा भाग घेता येतो. त्यासाठी बांबूच्या दोन फुटी, बारीक आणि लवचिक अशा दहा कामट्या लागतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचांवर पेन्सिलीने खूण करा. पाच कामट्यांची चांदणी मांडली की कामट्या एकमेकींना नेमक्या याच खुणांवर छेदतात. बहुतेकांचा तारा वेडावाकडा होतो तो या खुणा न केल्यामुळे. कामट्या एकीवरून एक, एकीखालून एक अशा विणत मांडा, आधी पाचही टोके दोऱ्याने घट्ट बांधा आणि मग खुणांवरचे पाच छेद बांधा. अशा दोन चांदण्या तयार करून त्या एकीवर एक ठेवा आणि फक्त टोकाला टोक बांधा. मग आतल्या पाच छेदांच्या जागी, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मध्ये, पाच-साडेपाच इंचांच्या काड्या उभ्या अडकवा. या काड्या बसताच सपाट चांदणी दोन्ही बाजूंनी फुगते आणि कामट्या ताणल्या गेल्यामुळे सांगाडा ताठ उभा राहतो. कामट्या जाड असतील तर त्या इथे मोडतात, म्हणून त्या आधी पाण्यात भिजवून घेतल्या तर काम सोपे होते.

कागद चिकटवताना पुढची बाजू एका अखंड तावाने झाकता येते, कारण तो मधल्या पंचकोनाच्या कडांवर दुमडून नीट बसतो. बाजूचे दहा लांबट त्रिकोण मात्र वेगळे कापावे लागतात. मैद्याची घट्ट खळ वापरा आणि ती बोटाने कामटीला लावा, कागदाला नव्हे, म्हणजे पतंगी कागद भिजून फाटत नाही. मागच्या बाजूचा एक त्रिकोण मोकळा ठेवा, कारण दिवा तिथूनच आत जाणार आहे. आत बल्ब लावण्याऐवजी दुसऱ्या माळेचा शेवटचा अडीच-तीन मीटरचा भाग प्लास्टिकच्या पारदर्शक बरणीत गुंडाळून ती बरणी ताऱ्याच्या मधोमध बांधा. प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो, कागद तापत नाही आणि २३० व्होल्टची वायर गॅलरीत आणावी लागत नाही. रंगांच्या बाबतीत पांढऱ्या कागदावर टोकांना लाल पट्टे एवढेच पुरे, कारण रात्री कागदाचा रंग जितका गडद तितका तारा कमी उजळतो.

तारा टांगायला छताला भोक पाडण्याची गरज नाही. तुमच्या कपड्यांच्या दांड्या हीच तयार जागा आहे. ग्रिलकडची पहिली दांडी रिकामी ठेवा, तारा तिच्या मधोमध बांधा आणि दांडी पूर्ण वर ओढून घ्या. उरलेल्या दांड्यांवर दिवसा कपडे वाळतील आणि संध्याकाळी ते काढले की गॅलरी सणाची होईल. सजावटीसाठी घरचे रोजचे काम सणभर बंद ठेवावे, हे मला कधीच पटलेले नाही. लहान घरात तसे केलेली सजावट चार दिवसांत अडचण वाटू लागते.

गोठ्यासाठी मी या सजावटीतला सर्वाधिक वेळ राखून ठेवायला सांगेन. संत फ्रान्सिस असिसी यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी गोठ्याचा देखावा उभा केला. तेव्हा त्यात खरा बैल आणि खरे गाढव होते, आणि साध्या माणसांना येशूजन्माची गरिबी डोळ्यांनी दिसावी हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे गोठा मुळातच कमी खर्चाचा आहे. फळवाल्याकडून एक लाकडी खोके आणा, ते आडवे ठेवा आणि उघडी बाजू घराकडे करा. छतासाठी भाताचा पेंढा किंवा नारळाच्या झावळीच्या पाती वापरा. वसईच्या गावांत भातकापणीनंतर पेंढा सहज मिळतो. मागे डोंगर हवा असेल तर खाकी कागद चुरगळून, पुन्हा उलगडून, त्यावर पातळ काळा आणि तपकिरी रंग मारावा. खोके वॉशिंग मशीनवर ठेवू नका, कारण ते हादरते. समोरच्या कोपऱ्यात, दीड फूट उंचीच्या स्टुलावर ठेवा, म्हणजे घरातून नजर थेट त्याच्यावर जाईल. मशीनवर मखराचे किंवा जुन्या साडीचे एकरंगी कापड टाकले की ते नजरेआड होते.

मूर्ती विकत घेतल्या तर अर्धे बजेट त्यांच्यातच जाते. त्याऐवजी शाडूच्या मातीच्या चार-पाच इंची मूर्ती मुलांकडून करून घ्याव्यात: बाळ येशू, मरिया, योसेफ, एक-दोन मेंढपाळ, मेंढ्या, बैल, गाढव. उभ्या मूर्तीचा झगा खालपर्यंत शंकूसारखा रुंद ठेवला की पाय करावे लागत नाहीत आणि मूर्ती कलंडत नाही. सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. थेट उन्हात ठेवल्या तर तडे जातात. रंग पोस्टर कलरचा. तीन राजे, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष, गोठ्यापासून लांब, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावेत आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवून ६ जानेवारीला, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाला, गोठ्यात आणावेत. बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्री ठेवण्याची प्रथा पाळली तर तोपर्यंत रिकामी राहिलेली गव्हाण मुलांच्या मनात उत्सुकता टिकवून धरते. हे सगळे फुकटचे आहे, आणि माझ्या मते विकतच्या कोणत्याही वस्तूपेक्षा मोलाचे आहे.

गोठ्यापुढची हिरवळ प्लास्टिकची नको. गोव्यात आणि मुंबई-वसईकडे गोठ्यासाठी नाचणी किंवा गहू रुजवण्याची पद्धत आहे. घटस्थापनेला ज्यांनी शेजारी गहू पेरलेला पाहिला आहे त्यांना कृती सांगायला नको. नाचणी रात्रभर भिजवा. मिठाईच्या खोक्याच्या किंवा जुन्या ताटाच्या तळाशी इंचभर माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरून त्यावर ती दाट पेरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या आणि ओल्या कापडाने झाका. मोड दिसताच कापड काढून उजेडात ठेवा. उशीर केला तर कोंब पिवळे आणि लुळे होतात. पाणी तांब्याने न ओतता फवारणीच्या बाटलीने दिवसातून दोनदा द्यावे, कारण पाणी साचले की बुरशी येते. १३ किंवा १४ डिसेंबरला पेरलेली नाचणी २४ तारखेपर्यंत दोन-तीन इंचांची, मऊ गवतासारखी होते. गहू लवकर वाढतो, म्हणून तो १६-१७ तारखेला पेरावा, मात्र तो उंच होतो आणि लहान मूर्ती त्यात बुडतात. म्हणून नाचणीच बरी.

झाडाबाबत तुम्ही विचारले आहे की खोटे घ्यावे की खरे. तुमच्या जागेत दोन फुटी खरे झाड चांगले. नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून जे विकले जाते ते बहुधा अरोकेरिया असते. त्याचे मूळ दक्षिण गोलार्धातील नॉरफोक बेटाचे, आणि समुद्रकाठच्या हवेत ते चांगले टिकते. कुंडीत ते सावकाश वाढते, त्यामुळे काही वर्षे तेच झाड पुरेल. त्याचा शेंडा कधीही छाटू नका, कारण छाटल्यावर झाड पुन्हा सरळ, डौलदार वाढत नाही. फांद्यांवर जड गोळे लटकवू नका, त्या वाकलेल्याच राहतात. त्याऐवजी सुरूची वाळलेली छोटी फळे दोऱ्यात ओवून टांगावीत. अर्नाळा-राजोडीकडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली ती पडलेली मिळतात. पडलेलीच उचलावीत, फांद्या तोडू नयेत. उजेडाकडे झुकू नये म्हणून दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा.

झाडाशेजारी पॉइन्सेटियाच्या दोन कुंड्या ठेवल्या की लाल रंगाची वेगळी सोय करावी लागत नाही. त्याचा लाल भाग म्हणजे पाकळ्या नसून पाने आहेत, आणि खरी फुले मधल्या बारीक पिवळ्या गुंडीत असतात. घेताना ती गुंडी घट्ट मिटलेली पाहून घ्या. ती फुललेली आणि गळू लागलेली असेल तर झाडाचा बहर सरत आला आहे. कुंडीभोवतीचा चमकदार कागद घरी येताच काढा, नाहीतर त्यात पाणी साचून मुळे कुजतात. पान तुटल्यावर निघणारा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून कुंड्या लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

काही गोष्टी टाळाव्यात असे स्पष्टच सांगतो. बर्फासाठी कापूस पसरू नका. तो चटकन पेटतो आणि दोन दिवसांत धुळीने काळवंडतो. गोठ्याकडे जाणारी पांढरी वाट हवी असेल तर रांगोळी पसरा. पेंढा आणि कागद असलेल्या या गॅलरीत मेणबत्ती कुठेच नको. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, चार मेणबत्त्यांचे चक्र करणार असाल, तर ते घरात जेवणाच्या टेबलावर ठेवा. थर्माकोलच्या घंटा आणि गोळे घेऊ नका, कारण २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्यांची सध्या बरीच चलती दिसते, पण किनारपट्टीच्या हवेत त्या मऊ पडतात आणि मुंग्या लागतात.

खर्चाचा अंदाज असा बसतो: दिव्यांच्या दोन माळा चारशे, तारा दीडशे, फळांचे खोके ऐंशी, शाडू शंभर, रंग शंभर, नाचणी आणि माती शंभर, अरोकेरिया पाचशे, पॉइन्सेटियाच्या दोन कुंड्या साडेतीनशे, सुतळी-बंधपट्ट्या आणि किरकोळ शंभर. एकूण अठराशे ऐंशी. भाव दुकानागणिक थोडे वरखाली होतील. पैसे कमी पडले तर पॉइन्सेटियाची एक कुंडी कमी करा, पण माळांच्या दर्जात काटकसर करू नका.

कामांचा क्रमही लक्षात ठेवा. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्या दिवशी तारा आणि ग्रिलवरचे दिवे लावावेत. पुढच्या आठवड्यात मूर्ती करून सुकत ठेवाव्यात, मग नाचणी पेरावी, आणि झाडे १५ डिसेंबरच्या सुमारास आणावीत. प्रकटीकरणाच्या सणानंतर सगळे उतरवताना माळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. त्या तशाच पिशवीत कोंबल्या तर पुढच्या वर्षी सोडवताना बारीक तार तुटते. ताऱ्याच्या मधल्या पाच काड्या काढल्या की सांगाडा पुन्हा सपाट होतो आणि पलंगाखाली किंवा कपाटामागे मावतो. कागद फक्त पुढच्या वर्षी नवा लावावा लागेल. शाडूच्या मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, कारण पावसाळ्याच्या ओलीने त्यांचा रंग सुटतो. अरोकेरियाला फेब्रुवारीत एक माप मोठी कुंडी द्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्याला गॅलरीच्या आतल्या, सावलीच्या बाजूला सरकवा.